‘पण लक्षात कोण घेतो’ : वाचकांची मते आणि आपले मत



एखादे पुस्तक वाचून झाले म्हणजे “पुस्तक कसे वाटले?” असा प्रश्न शिक्षक वर्गात विचारतात. त्यावर बहुधा दोनच उत्तरे मिळतात. “छान आहे” हे एक, आणि “कंटाळवाणे आहे” हे दुसरे. जेवण झाल्यावर कोणी “आमटी कशी झाली?” असे विचारावे आणि आपण “बरी” म्हणून हात धुवायला उठावे, तसाच हा प्रकार होय. करणाऱ्याला त्यातून काही कळत नाही आणि खाणाऱ्यालाही आपल्याला नेमके काय आवडले याचा पत्ता लागत नाही. पुस्तकाविषयी मत कसे बनते, एकाच पुस्तकाविषयी निरनिराळ्या वाचकांची मते निरनिराळी का होतात, आणि त्या सर्वांत आपले स्वतःचे मत कसे शोधावे, याचा थोडासा अभ्यास या लेखात करावयाचा आहे. त्यासाठी उदाहरण म्हणून मी एक जुनी, मोठी आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या काळापासून वाचली गेलेली कादंबरी निवडली आहे. ती म्हणजे हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’.

कादंबरी आणि कादंबरीकार

हरि नारायण आपटे यांचा जन्म १८६४ साली खानदेशातील पारोळे येथे झाला आणि १९१९ साली पुण्यास ते निवर्तले. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये चिपळूणकर, टिळक आणि आगरकर यांच्यासारख्या गुरुजनांचा सहवास त्यांना लाभला. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ नावाचे साप्ताहिक काढले. घरातील लहानथोर सर्वांना वाचता यावे, मनोरंजन व्हावे आणि त्याबरोबर विचारालाही चालना मिळावी, असा त्यामागील हेतू होता. या साप्ताहिकातूनच १८९० ते १८९३ या काळात ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. ती सुरू झाली तेव्हा लेखकाचे वय अवघे सव्वीस वर्षांचे होते.

त्यापूर्वी मराठीत कादंबऱ्या नव्हत्या असे नाही. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली निघाली होती आणि तिचाही विषय विधवांची दुःस्थिती हाच होता. तथापि त्यानंतरची बरीच वर्षे मराठी वाचक राजपुत्र, राजकन्या, अरण्ये, दरोडेखोर आणि अकस्मात होणारे योगायोग यांच्या अद्भुत जगातच रमला होता. आपट्यांनी त्याला त्या जगातून उठवून शेजारच्याच घरात नेऊन बसविले. त्या घरात चूल आहे, विहीर आहे, सासू आहे, नणंद आहे, कोणाचा तरी राग आहे आणि कोणाची तरी मुकाट्याने गाळलेली आसवे आहेत. वाचकाला हे सर्व ओळखीचे होते, परंतु ते छापण्याजोगे आहे हे त्याला ठाऊक नव्हते.

कथा यमू नावाच्या मुलीची आहे आणि ती तिने स्वतःच सांगितली आहे. तापट वडील, सोशिक आई, जीव लावणारा भाऊ आणि मोठे कुटुंब यांत तिचे बालपण जाते. रीतीप्रमाणे लहान वयातच तिचे लग्न होते. नवरा रघुनाथराव सुशिक्षित आणि समंजस निघतो. तो तिला लिहिण्यावाचण्याची गोडी लावतो आणि पुढे मुंबईस त्यांच्या संसाराचे काही दिवस फार सुखाचे जातात. मग रघुनाथराव अकाली मरण पावतो. यमूला पुण्यास सासरी परतावे लागते आणि तेथे शंकरमामंजी नावाचे ढोंगी गृहस्थ घरातील कर्तेपणाच्या जोरावर तिच्या इच्छेविरुद्ध तिचे केशवपन करवितात. त्यानंतर यमूच्या आयुष्याला पुन्हा उभारी येत नाही. तिची बालमैत्रीण दुर्गी हिचा नवरा जिवंत आहे, परंतु तिच्या संसाराचे हालही यमूच्या दुःखाइतकेच काळीज पोखरणारे आहेत. एकीला नवरा नाही म्हणून दुःख आणि दुसरीला नवरा आहे म्हणून दुःख, अशी ही दोन चित्रे लेखकाने शेजारी शेजारी लावली आहेत.

कथानक म्हणून सांगू लागले तर ते एवढ्यात संपते. मग कादंबरी एवढी मोठी का? याचे उत्तर असे की, ही घटनांची कादंबरी नसून माणसांची कादंबरी आहे. माणूस एका प्रसंगात कळत नाही. तो रागावतो कसा, जेवायला बसतो कसा, पाहुण्यांसमोर बोलतो कसा आणि पाहुणे गेल्यावर बोलतो कसा, हे पुन्हा पुन्हा पाहावे तेव्हा तो आपल्या परिचयाचा होतो.

एका श्रोतीचे मत

वाचकांच्या मतांकडे वळण्यापूर्वी मला माझ्या घरातील एक आठवण सांगितली पाहिजे, कारण पुस्तकावरील मत म्हणजे काय हे मला प्रथम तेथे कळले.

माझे बालपण पेडणे तालुक्यातील एका खेड्यात गेले. गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला, त्यानंतर पाच-सहा वर्षांनी मी मराठी सातवीत होतो. आमच्या घरी माझ्या वडिलांची आत्या राहत असे. आम्ही मुले तिला आत्याआजी म्हणत असू. तिचे वय सत्तरीच्या पुढे होते. अंगावर तांबडे लुगडे आणि पदर सदैव कपाळापर्यंत ओढलेला. अकराव्या वर्षी तिला वैधव्य आले होते, एवढे आम्हांला ऐकून ठाऊक होते. त्याविषयी घरात कोणी बोलत नसे. तिला अक्षरओळख नव्हती, परंतु ऐकण्याची विलक्षण आवड होती. देवळात कीर्तन असो की घरी पोथी, ती पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत बसून ऐके.

त्या पावसाळ्यात वडिलांनी कोणाकडून तरी या कादंबरीची जुनी, पाने सुटत आलेली प्रत आणली आणि रोज रात्री जेवणानंतर मी ती सोप्यावर मोठ्याने वाचावी असे ठरले. कंदिलाभोवती आई, माझी थोरली बहीण आणि भिंतीला टेकून आत्याआजी बसत. एखादे दिवशी मी दमलो तर “पुढे?” एवढा एकच शब्द ती उच्चारी.

केशवपनाचा प्रसंग जवळ आला तेव्हा मी दुपारी एकटाच पुढची पाने चाळून पाहिली आणि घाबरलो. आत्याआजीसमोर हे कसे वाचावयाचे? त्या रात्री मी ती पाने गाळून पुढचा भाग वाचला. कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याआजी तुळशीला पाणी घालीत असताना मला म्हणाली, “काल तू पाने गाळलीस. आज ती वाच.”

मी वाचली. आवाज अडखळत होता. आईने पदर डोळ्यांना लावला. आत्याआजी मात्र तशीच बसून होती. वाचन संपल्यावर तिने विचारले, “हे लिहिणारी बाई कोण?” मी सांगितले की लिहिणारी बाई नाही, एक पुरुष आहे आणि तो केव्हाच वारला. ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे एकाच्या तरी लक्षात आले होते.” आणि उठता उठता तिने आणखी एक वाक्य उच्चारले. “यमूला नवऱ्याने अक्षर शिकविले म्हणून तिला सांगता आले. आमचे कोण सांगणार?”

त्या वर्षी माझ्या बहिणीला पुढे हायस्कुलात पाठवावे की नाही, याची घरात चर्चा चालू होती. हायस्कूल दूर होते, वाट रानातून होती आणि मुलगी मोठी झाली होती. वडिलांचे मन होईना. ज्या आत्याआजीने घरातील कोणत्याही निर्णयात आयुष्यभर तोंड उघडले नव्हते, ती दुसऱ्या दिवशी वडिलांना म्हणाली, “बाळा, तिला पाठव. वाटेत सोबत लागली तर मी नदीपर्यंत जाईन.” बहीण हायस्कुलात गेली. पुढे ती शिक्षिका झाली.

मित्रहो, आत्याआजीने त्या कादंबरीवर परीक्षण लिहिले नाही. तिला लिहिता येतच नव्हते. परंतु कादंबरीविषयी एवढे स्पष्ट मत मी त्यानंतर क्वचितच ऐकले.

वाचकांचे आक्षेप

आता मी शिक्षकाच्या भूमिकेत येतो. डिचोलीजवळच्या शाळेत शिकविताना मी ही कादंबरी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना अनेकदा वाचावयास दिली आणि शक्य तेथे त्यांच्या घरच्या मंडळींनाही त्यांचे मत विचारून यावे असे सांगितले. त्या मतांत स्तुती पुष्कळ होती, परंतु अभ्यासाच्या दृष्टीने आक्षेप अधिक उपयोगी पडतात. त्यांतील चार मुख्य आक्षेपांचा विचार करू.

पहिला आक्षेप लांबीचा. “कादंबरीत पाल्हाळ फार आहे, निम्मी पाने कमी केली असती तरी चालले असते,” असे अनेक विद्यार्थ्यांनी लिहिले. हा आक्षेप खोटा नाही. परंतु ही कादंबरी सलग वाचण्यासाठी लिहिलेली नव्हती, हे येथे ध्यानात घ्यावे. ती सुमारे तीन वर्षे आठवड्याला थोडी थोडी अशी वाचकांच्या हाती पडत होती. मागच्या अंकात काय झाले याची आठवण करून देणे लेखकाला भाग होते. शिवाय दोन अंकांमध्ये सात दिवसांचे अंतर पडे आणि त्या सात दिवसांत यमू वाचकाच्या मनात राहत असे. दर आठवड्याला घरी येणाऱ्या पाहुणीचे बोलणे आपल्याला लांब वाटत नाही. तेच सर्व बोलणे तिने एका दिवसात केले तर वाटेल. म्हणून ज्यांना ही कादंबरी लांब वाटली, त्यांना मी ती रोज पंधरा-वीस पाने याप्रमाणे पुन्हा वाचण्यास सांगितले. काहींचे मत बदलले, काहींचे बदलले नाही. ज्यांचे बदलले नाही त्यांचाही मला राग आला नाही, कारण आता त्यांचे मत वाचून बनलेले होते.

दुसरा आक्षेप दुःखाचा. “एवढे दुःख कशासाठी? शेवट गोड केला असता तर काय बिघडले असते?” हा प्रश्न एका विद्यार्थ्याच्या आईने विचारला होता. यावर एक प्रतिप्रश्न करता येतो. त्या काळी यमूसारख्या किती मुलींच्या आयुष्याचा शेवट गोड होत असे? विधवाविवाहाला कायद्याने १८५६ सालीच मान्यता मिळाली होती, परंतु कायदा पुस्तकात राहिला आणि रीत घरात राहिली. कादंबरी छापली जात असतानाच, १८९१ साली, संमतिवयाचा कायदा झाला. मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा करण्याचा हा कायदा होता आणि एवढ्याशा बदलावरून महाराष्ट्रात केवढे रणकंदन माजले ते इतिहासात तुम्ही वाचाल. आगरकर ‘सुधारक’ पत्रातून केशवपनाच्या रूढीवर प्रखर टीका करीत होते. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली गोदूबाई या विधवेशी विवाह केला तेव्हा त्यांच्या गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. अशा काळात लेखकाने यमूला सुखी करून सोडले असते, तर वाचकाने सुस्कारा टाकून अंक बाजूस ठेवला असता. लेखकाला वाचकाची सुटका करावयाची नव्हती. पुस्तकाचे नावच वाचकाला विचारलेला प्रश्न आहे.

तिसरा आक्षेप उपदेशाचा. काही जाणत्या वाचकांचे म्हणणे असे की, कादंबरीकाराने कथा सांगावी, समाजसुधारणा करू नये. ‘कलेसाठी कला’ आणि ‘जीवनासाठी कला’ हा वाद पुढे मराठीत फार गाजला. ना. सी. फडके पहिल्या पक्षाचे आणि वि. स. खांडेकर दुसऱ्या पक्षाचे प्रमुख मानले जातात. यांपैकी खांडेकर तर आपले शेजारी होते. १९२० पासून १९३८ पर्यंत तेरेखोल नदीपलीकडे शिरोड्याच्या शाळेत ते शिक्षक होते. तेव्हा हा वाद दूरच्या शहरातला असे आपण पेडणे-डिचोलीच्या लोकांनी मानण्याचे कारण नाही. मला स्वतःला असे वाटते की, लेखकाचा हेतू आहे की नाही हे पाहण्यापेक्षा त्या हेतूसाठी पात्रांचा बळी दिला गेला आहे का, हे पाहावे. शंकरमामंजींचे चित्र काही ठिकाणी एकरंगी झाले आहे, हे मान्य करावे लागेल. त्यांच्यात चांगला गुण औषधालाही सापडत नाही. परंतु यमूचे वडील पाहा. ते तापट आहेत, अन्यायी आहेत, तरीही ते आपल्या ओळखीचे वाटतात. असा माणूस प्रत्येक गावात असतो आणि तो वाईटच असतो असेही म्हणता येत नाही. जेथे लेखक न्यायाधीश होतो तेथे पात्र दुबळे होते आणि जेथे तो साक्षीदार होतो तेथे ते जिवंत होते, असा एक नियम या कादंबरीवरून बांधता येईल.

चौथा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो दहावीतील एका विद्यार्थिनीने मांडला. तिने लिहिले होते की, “आमच्या समाजात विधवेचे केस काढण्याची चाल नव्हती. माझ्या पणजीने दुसरे लग्न केले होते. ती शेतात राबत असे. ही कादंबरी एका विशिष्ट समाजाची आहे, तिला सर्व स्त्रियांची कथा कसे म्हणावे?” वर्गात काही क्षण शांतता पसरली. मी तिला सांगितले की तुझे म्हणणे खरे आहे. ही कादंबरी पांढरपेशा ब्राह्मण कुटुंबांची आहे. शेतात राबणारी, बाजारात बसणारी, दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करणारी स्त्री तिच्यात मध्यभागी येत नाही. हे तिचे क्षेत्र आहे आणि ही तिची मर्यादाही आहे.

परंतु या मुलीच्या आक्षेपाने आम्हांला आणखी एक गोष्ट शोधावयास लावली. ज्या रूढीविरुद्ध आपट्यांनी लेखणी उचलली, तिच्याविरुद्ध इतर समाजांतील माणसेही उभी राहिली होती. जोतिराव फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते मुख्यतः फसविल्या गेलेल्या विधवांसाठीच. ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध लिहून स्त्रियांवर दोष ठेवणाऱ्या पुरुषांना सडेतोड उत्तर दिले. आणि ज्या १८९० साली ‘करमणूक’ निघाले, त्याच वर्षी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिक बांधवांनी एकत्र येऊन विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. ज्यांच्या हातात वस्तरा होता, त्यांनीच तो खाली ठेवण्याचे ठरविले! कादंबरीत ही घटना नाही. एका विद्यार्थिनीने आक्षेप घेतला नसता तर आमच्या वर्गाला ती कळलीही नसती. खरा आक्षेप पुस्तकाला लहान करीत नाही. तो वाचकाला मोठा करतो.

दूरदेशीची एक भगिनी

एकाच पुस्तकावर मतभेद होणे हे आपल्याकडेच घडते असे नाही. ‘करमणूक’ निघण्यापूर्वी सुमारे वीस वर्षे, १८७१ च्या डिसेंबरपासून १८७२ च्या डिसेंबरपर्यंत, इंग्लंडमध्ये ‘मिडलमार्च’ नावाची एक भली मोठी कादंबरी आठ भागांत प्रसिद्ध झाली. एका लहानशा काल्पनिक गावातील कुटुंबे, त्यांचे विवाह, कर्जे, महत्त्वाकांक्षा आणि निराशा हा तिचा विषय. डोरोथिया नावाची एक तरुणी ज्ञानाच्या ओढीने एका वयस्क पंडिताशी लग्न करते आणि हळूहळू तिला कळते की ज्या ज्ञानमंदिराच्या दारी आपण आलो ते आत रिकामे आहे. लेखकाचे नाव जॉर्ज इलियट असे छापलेले होते. ते टोपणनाव होते. खरी लेखिका मेरी ॲन एव्हान्स नावाची स्त्री होती.

येथे एक मौज पाहण्यासारखी आहे. इंग्लंडात एका स्त्रीने पुरुषाचे नाव घेऊन लिहिले, आणि पुण्यात एका पुरुषाने स्त्रीच्या तोंडून कथा सांगितली. दोघांनाही आपले म्हणणे लोकांच्या कानी घालावयाचे होते आणि दोघांनाही त्यासाठी दुसऱ्याचा आवाज घ्यावा लागला.

या कादंबरीवरही वाचकांचे एकमत झाले नाही. हेन्री जेम्स या लेखकाने १८७३ साली तिच्यातील बारकाव्यांची प्रशंसा केली, परंतु संपूर्ण रचना सैल आहे असा दोष दिला. उलट व्हर्जिनिया वुल्फ या लेखिकेने १९१९ साली, प्रौढ मनाच्या वाचकांसाठी लिहिलेल्या मोजक्या इंग्रजी कादंबऱ्यांत तिची गणना केली. पाल्हाळाचा आक्षेप आपल्या वर्गातील मुलांनी आपट्यांवर घेतला, तोच रचनेच्या सैलपणाचा आक्षेप तेथील मोठ्या लेखकाने त्या लेखिकेवर घेतला. यावरून असे दिसते की, माणसांच्या स्वभावावर उभारलेली मोठी कादंबरी आणि तिच्या लांबीविषयीची तक्रार ही बहुधा बरोबरच चालतात. एखाद्याला रस्त्याची लांबी दिसते, दुसऱ्याला रस्त्यावरची घरे दिसतात.

आपल्या प्रदेशातील वाचक

आता थोडे आपल्या घराकडे पाहू. पेडणे आणि डिचोली हे तालुके अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज अमलाखाली आले. त्यापूर्वी त्यांचा संबंध सावंतवाडीशी होता आणि सीमा आखली गेल्यावरही सोयरिकी, जत्रा, कीर्तने आणि पुस्तके यांनी ती सीमा मानली नाही. पोर्तुगालमध्ये १९१० साली राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले, त्यानंतर गोव्यातील हिंदू समाजाला अधिक मोकळीक मिळाली आणि मराठी शाळा, वाचनालये व नियतकालिके यांना बहर आला. गोवामुक्तीनंतर, १९६३ च्या डिसेंबरात, पेडणे तालुक्याचेच सुपुत्र दयानंद बांदोडकर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत खेडोपाडी प्राथमिक शाळा निघाल्या. माझ्या पिढीतील अनेकांच्या हाती पहिले पुस्तक पडले ते या शाळांमुळेच.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. वर उल्लेखिलेले ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे गोव्यात लागू नव्हते. परंतु रूढींना राज्याची सीमा नव्हती. पुण्यातील यमूवर जे ओढवले तेच नदीअलीकडच्या आत्याआजीवर ओढवले. या बाबतीत कायदा दोन प्रकारचा होता, दुःख मात्र एकाच प्रकारचे होते. म्हणूनच पुण्यात लिहिलेली कादंबरी आमच्या सोप्यावर परकी वाटली नाही.

आपल्या भागातील वाचनाची रीतही विचारात घेण्याजोगी आहे. एकाने वाचावे आणि दहांनी ऐकावे, ही आपली जुनी पद्धत. पोथी तशीच वाचली जाई आणि कादंबरीही पुष्कळ घरांत तशीच वाचली गेली. या पद्धतीत मत एकट्याचे राहत नाही. आजी एका ठिकाणी हुंकार देते, आई दुसऱ्या ठिकाणी डोळे पुसते, वडील तिसऱ्या ठिकाणी उठून बाहेर जातात. कोण कोठे गप्प झाले हे पाहणारा मुलगा पुस्तकही वाचतो आणि घरही वाचतो. आज प्रत्येकाच्या हाती वेगळा पडदा आहे आणि प्रत्येकजण आपापल्या कोपऱ्यात बसून पाहतो. त्यात सोय आहे, हे मी नाकारीत नाही. तथापि आठवड्यातून एक रात्र तरी घरातील सर्वांनी एकत्र बसून एखादे मोठे पुस्तक थोडे थोडे वाचावे, असे मला मनापासून वाटते.

मत कसे बनवावे?

एवंच, या सर्व चर्चेवरून विद्यार्थ्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

एक, मत देण्यापूर्वी पुस्तक पूर्ण वाचावे. मध्येच सोडले असेल तर कोठे सोडले आणि का सोडले, हे प्रामाणिकपणे सांगावे. तेही एक मतच आहे.

दोन, “आवडले” किंवा “आवडले नाही” यापुढे “कारण” हा शब्द लिहावा आणि त्यापुढे पुस्तकातील एखादा प्रसंग किंवा एखादे पात्र दाखवावे. पुराव्यावाचून मत म्हणजे साक्षीदारावाचून खटला.

तीन, पुस्तक कोणत्या काळी, कोणासाठी आणि कशा रीतीने प्रसिद्ध झाले, याची माहिती घ्यावी. त्यामुळे दोष नाहीसे होत नाहीत, पण त्यांचे कारण कळते.

चार, आपण कोठे उभे राहून वाचीत आहोत, हे स्वतःला विचारावे. आत्याआजीने ऐकलेली यमू आणि त्या दहावीतील विद्यार्थिनीने वाचलेली यमू या निराळ्या आहेत. दोघींची मते एकमेकींच्या विरुद्ध वाटतील, परंतु दोघींनीही आपल्या घरच्या बाईची आठवण ठेवून वाचले, आणि म्हणूनच दोघींचीही मते खरी आहेत.

पाच, दुसऱ्याचे मत ऐकून आपले मत बदलण्यात कमीपणा मानू नये. माझे स्वतःचे मत तीनदा बदलले. सातवीत मी ही कादंबरी भीतीने वाचली, कॉलेजात असताना पाल्हाळिक म्हणून नाक मुरडले, आणि शिक्षक झाल्यावर तिच्यातील साध्या माणसांचे मोल मला कळले.

आत्याआजी १९७० च्या सुमारास वारली. त्या जुन्या प्रतीची पाने वाळवीने खाल्ली आणि घरात आता दुसरी प्रत आहे. माझ्या बहिणीची नात सध्या डिचोलीस शिकते. गेल्या सुट्टीत तिने ती प्रत मागून नेली आणि महिन्याभराने परत आणून दिली. “कशी वाटली?” असे मी विचारले. ती म्हणाली, “आजोबा, दुर्गीवर लेखकाने अजून लिहायला हवे होते. ती यमूपेक्षा जास्त बोलली असती.” मी या कादंबरीविषयी एवढा विचार केला, परंतु ही गोष्ट माझ्या ध्यानात कधीच आली नव्हती. आता मी ती पुन्हा वाचावयास घेतली आहे.

स्वाध्याय

१. तुमच्या घरातील सर्वांत वयस्क स्त्रीला तिच्या शिक्षणाविषयी विचारा आणि तिचे उत्तर तिच्याच शब्दांत लिहून काढा.

२. ‘पण लक्षात कोण घेतो’ या नावातील प्रश्न लेखक कोणाला विचारतो असे तुम्हांला वाटते? सकारण लिहा.

३. तुम्ही वाचलेल्या एखाद्या मोठ्या कादंबरीतील एक असे पात्र निवडा, की जे तुम्हांला आवडत नाही पण खरे वाटते. त्याचे दोन प्रसंग सांगून तुमचे मत सिद्ध करा.

४. एकच पुस्तक घरातील दोन व्यक्तींना वाचावयास किंवा ऐकावयास द्या. त्यांच्या मतांत कोठे फरक पडला आणि तो का पडला असावा, याचा विचार करून दहा ओळी लिहा.